डबा लपवला, आता नाव काय? नव्या जिओकॅशचे नाव ठरवण्याची पद्धत

जागा हेरून झाली, मालकाची परवानगी मिळाली, डब्यात पाणी शिरत नाही याची खात्री झाली, कोऑर्डिनेट्स वेगवेगळ्या दिवशी घेऊन ताडून पाहिले. मग जिओकॅशचे, म्हणजे इतरांनी जीपीएसवरून शोधायच्या या डब्याचे, वेबसाइटवरचे पान भरायला बसले की नावाचा रकाना समोर येतो आणि बरेच जण तिथे पहिले सुचेल ते टाकून पुढे सरकतात. 'टेकडीवरचा खजिना', 'पुलाजवळ', 'माझा पहिला डबा'. एवढी मेहनत घेतलेल्या जागेला असे नाव मिळाले की मला खरोखर वाईट वाटते. शोधणारा वर्णन वाचेलच असे नाही, हिंट, म्हणजे लपवलेल्या जागेची सूचना, तर तो अडल्यावरच उघडतो. नाव मात्र प्रत्येक जण वाचतो. नकाशावरच्या चिन्हावर बोट ठेवले की नाव, नव्या डब्याची सूचना आली की नाव, आणि वर्षभराने दुसऱ्याला सांगतानाही नावच.

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांनी बरेच डबे शोधले आहेत आणि आता स्वतःचा पहिला-दुसरा डबा लपवत आहेत. खेळाची मूळ माहिती तुम्हाला आहे असे धरून चालतो.

थोडा इतिहास मात्र सांगायला हवा, कारण त्यात नावाचा धडा आहे. २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी जीपीएसच्या संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ओरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवून तिचे कोऑर्डिनेट्स इंटरनेटवर जाहीर केले. त्या बादलीला नाव नव्हते. जगात एकच असल्यावर नाव कशाला लागते? पण त्याच महिन्यात, ११ मे रोजी, कॅन्ससमध्ये महामार्गालगत जो डबा ठेवला गेला त्याचे नाव 'मिंगो'. आजही चालू असलेल्या डब्यांत तो सर्वांत जुना मानला जातो. मिंगो हे तिथल्या जवळच्या छोट्याशा वस्तीचे नाव, बाकी काही नाही. पाव शतक झाले, जगभरातून लोक तो शोधायला जातात आणि त्या वस्तीचे नाव घेऊन परततात. साधे, छोटे, जागेचे नाव किती टिकते ते यावरून दिसते.

सगळी पद्धत एका कसोटीवर उभी आहे, ती आधीच सांगतो. चांगले नाव डबा सापडण्याआधी एक अर्थ सांगते आणि सापडल्यावर दुसरा. आधी वाचताना ते उत्सुकता जागी करते, फार काही उघड करत नाही. डबा हातात आल्यावर मात्र शोधणाऱ्याला वाटले पाहिजे की हो, याचे नाव हेच असायला हवे होते. पुढच्या सगळ्या पायऱ्या तिथे पोहोचण्यासाठीच आहेत.

पायरी १: नावाआधी तीन उत्तरे लिहा

फॉर्म उघडण्याआधी एका कागदावर तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढा. मनात ठेवू नका, लिहाच.

पहिला प्रश्न: लोकांना मी इथेच का आणतो आहे? सूर्यास्त दिसतो म्हणून, जुने पाण्याचे टाके आहे म्हणून, की फक्त डबा लपवायला भोक सापडले म्हणून? तिसरे उत्तर आले तर नावाआधी जागेचाच पुन्हा विचार करा.

दुसरा: शोधणारा तिथे अंगाने नेमके काय करतो? वाकतो, हात घालतो, मागे वळून पाहतो, दोरी खाली ओढतो, तळहातावर काहीतरी पाडून घेतो. हे उत्तर फार उपयोगी पडते, कारण दुसरा अर्थ बहुतेक वेळा या कृतीतूनच निघतो.

तिसरा: आसपासचे लोक या जागेला काय म्हणतात?

पायरी २: जागेचे बोलण्यातले नाव काढा

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकाशावर मिळत नाही. चहाची टपरी, देवळातला पुजारी, शेळ्या राखणारा मुलगा, सोसायटीचा जुना वॉचमन यांना विचारावे लागते. नकाशावर जिथे नुसता हिरवा डाग असतो, तिथे माणसांच्या तोंडी 'आंब्याचा माळ', 'धोंड्याची खिंड', 'बारव' असे काहीतरी असते. ते नाव डब्याला मिळाले की तुमच्या पानावर गावाची एक ओळ जपली जाते.

पुण्यातला शिवाजी पूल १९२३ मध्ये बांधला गेला. शंभर वर्षे उलटून गेली तरी जुने पुणेकर त्याला 'नवा पूल'च म्हणतात. पलीकडच्या लकडी पुलात लाकूड कधीचेच उरलेले नाही, तरी नाव लकडीच. अशा नावात दोन अर्थ आयतेच असतात. पुलाच्या परिसरातून चालायला लावणाऱ्या मल्टीला (मल्टी म्हणजे एकेक टप्पा शोधत शेवटच्या डब्यापर्यंत नेणारा प्रकार) 'नवा पूल, वय शंभर' असे काहीतरी नाव दिले तर बाहेरून आलेल्या माणसाला ते कोडे वाटेल आणि फेरी संपेपर्यंत उलगडेल. (पुलाच्या बांधकामाला मात्र काही चिकटवायचे नाही. माहितीफलकावरचे अंक मोजायला लावा आणि डबा दूर सुरक्षित जागी ठेवा.)

पाटीवरची नावे बदलतात, गावांची आणि जिल्ह्यांचीही बदलतात. अहमदनगर अहिल्यानगर झाले, औरंगाबाद छत्रपती संभाजीनगर झाले. म्हणून शहराचे नाव डब्याच्या नावात घालू नका. ते वर्णनात जुने-नवे दोन्ही लिहा. डब्याच्या नावात त्या खिंडीचे, त्या पाराचे, त्या बारवेचे नाव येऊ द्या.

पायरी ३: जे रकाने आधीच आहेत ते नावात भरू नका

हे पटकन सांगून होते. पानावर मालकाचे टोपणनाव आपोआप दिसते, त्यामुळे 'अमक्याचा डबा क्र. ५' हे नाव वाया गेले. आकार, डी/टी म्हणजे शोधाची आणि वाटेची अवघडता (१ ते ५ च्या मापात), लपवल्याची तारीख, रात्री जाता येते का, लहान मुले नेता येतील का, या सगळ्यांना स्वतंत्र जागा आहे. 'सोपा मायक्रो' (मायक्रो म्हणजे अगदी लहान डबा), 'कठीण चढ', 'रात्रीचा डबा' या नावांनी नवे काहीच कळत नाही. तुमचा शंभरावा शोध या जागी झाला असेल तर ते वर्णनात प्रेमाने लिहा. शोधणाऱ्याला त्या आकड्याचा उपयोग नाही.

पायरी ४: डब्याच्या प्रकाराला काय हवे ते बघा

ट्रॅडिशनलमध्ये कोऑर्डिनेट्स थेट डब्यावर नेतात. तिथे नाव थोडेसे सूचक असले तरी चालते, विशेषतः अवघडता १ किंवा १.५ असेल तर. अवघडता ४ ठेवून नावातच 'पोकळ दगड' लिहिले तर मात्र तुम्ही स्वतःच ती अवघडता खोटी पाडलीत.

मल्टीमध्ये नावाने शेवटची जागा कधीच सांगू नये. प्रवासाचा आकार सांगितला तर मजा येते, त्याचे उदाहरण पुढे देतो.

मिस्टरीमध्ये, म्हणजे आधी कोडे सोडवायला लावणाऱ्या प्रकारात, दिलेला बिंदू हा बहुतेक वेळा नुसता खुंटीसारखा असतो आणि खरा डबा त्यापासून साधारण ३.२ किलोमीटरच्या आत कुठेही असू शकतो. इथे नाव कोड्याचाच भाग होऊ शकते आणि व्हायलाही हवे. कोडे अडले की जाणकार शोधणारा पहिल्यांदा नावाकडे परत येतो. तिथे त्याला काहीच सापडले नाही तर कोडे अन्यायकारक वाटते. कोड्याची पद्धत नावात दडवा, उत्तर नको.

अर्थकॅशमध्ये डबाच नसतो. भूवैज्ञानिक जागा पाहून प्रश्नांची उत्तरे पाठवायची असतात. हा प्रकार २००४ पासून आहे. समजा पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रातल्या रांजणखळग्यांवर तुम्ही पान करत आहात आणि प्रश्न आहे की हे खळगे कसे तयार झाले. मग 'गोट्यांनी कोरलेला कातळ' हे नाव सुंदर असूनही चुकीचे, कारण प्रवाहातले दगडगोटे खड्ड्यात गरगर फिरून बेसाल्ट झिजवतात हे उत्तर त्याने नावातच देऊन टाकले. 'कुकडीचे रांजण' हे नाव जागा सांगते, आकार डोळ्यांसमोर आणते आणि प्रश्न शाबूत ठेवते.

ठरलेली अट पूर्ण केली तरच शोध धरला जातो अशा चॅलेंज प्रकारात 'चॅलेंज' हा शब्द नावात असणे नियमानेच बंधनकारक आहे, त्यामुळे तो धरूनच शब्दांचा हिशोब करा. इव्हेंट आणि सफाईच्या कार्यक्रमाचे नाव सरळ ठेवा. लोकांना कुठे यायचे आणि कशासाठी एवढेच कळायला हवे असते.

पायरी ५: कच्ची यादी करा, आणि ती मराठीतून काढा

इथे वेळ द्या. जगात इतरत्र लोकांनी नावांच्या छान परंपरा केल्या आहेत. इंग्लंडमध्ये चर्चजवळच्या छोट्या डब्यांची 'चर्च मायक्रो' ही मालिका कित्येक हजारांत गेली आहे, रेल्वे स्थानकांजवळच्या डब्यांची 'साइडट्रॅक्ड' आहे, लाल टेलिफोन बूथ आणि टपालपेटी एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात असतील तिथे 'अ फाइन पेअर' ठेवायची पद्धत आहे. या परंपरा तिथल्या रस्त्यांतून उगवल्या. आपण त्यांची नक्कल करण्याचे काहीच कारण नाही, कारण लपवणे आणि शोधणे यासाठी आपल्या भाषेत भरपूर माल पडून आहे.

खेळांपासून सुरुवात करा. 'डबा ऐसपैस' हे तर या छंदासाठीच जन्मलेले नाव आहे: डबा लांब फेकायचा, राज्य असलेल्याने तो आणेपर्यंत बाकीच्यांनी लपायचे. तुमच्या भागात हे नाव अजून कुणी घेतले नसेल तर घ्या, पण आधी शोधून बघा, कारण ते सगळ्यांनाच सुचते. बाकाच्या मागे, पाठीशी लपलेल्या डब्याला 'धप्पा' शोभते. गाडी थांबवून चार पावलांत उरकणाऱ्या डब्याला 'भोज्याला शिवून' म्हणा, त्यात प्रामाणिकपणाही आहे. लांबलचक मल्टीला 'राज्य तुझ्यावर'. बोलताना पोरांच्या तोंडी येणारे हे शब्द आहेत, त्यामुळे ते कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत.

मग म्हणी. म्हणीची खुबी अशी की तिचा अर्धा भाग ऐकला की उरलेला आपोआप मनात येतो. म्हणून नावात अर्धीच म्हण ठेवा. समजा मल्टी अशी आहे की शोधणारा गावाची पूर्ण फेरी मारतो आणि शेवटचा डबा त्याने गाडी लावली तिथेच निघतो. या डब्याला 'काखेत कळसा' म्हटले तर गुपित फुटले. 'गावाला वळसा' म्हणा. वाचणाऱ्याला वाटते, फेरी आहे, चालायचे आहे. डबा सापडला की तो उरलेली अर्धी म्हण स्वतःच्या तोंडाने म्हणतो. तो लॉगमध्ये, म्हणजे शोधाच्या नोंदीत, काय लिहील हे वेगळे सांगायला नको. तसेच बोटाच्या पेराएवढ्या नॅनोला 'मूर्ती लहान' आणि मुठीत मावणाऱ्या, आत नीट ऐवज असलेल्या डबीला 'झाकली मूठ'.

अमेरिकेत रस्त्याच्या किंवा पार्किंगच्या दिव्याच्या खांबाला तळाशी पत्र्याचे झाकण असते आणि ते उचलून खाली डबा ठेवायची तिथे फार जुनी रीत आहे. तिकडे राहणाऱ्या मराठी माणसाने अशा डब्याला रोमन अक्षरांत 'दिव्याखाली अंधार' नाव द्यावे आणि वर्णनात दोन ओळींत म्हण समजावून सांगावी. स्थानिक शोधणाऱ्याला एक नवी म्हण मिळते आणि तिथून जाणारा एखादा मराठी माणूस नाव वाचूनच थबकतो. आपल्याकडे मात्र विजेच्या खांबाजवळ हात घालायला लावणारा डबा ठेवूच नका, नाव कितीही जुळत असले तरी.

तिसरा साठा भूगोलाच्या शब्दांचा. खिंड, सोंड, नाळ, कपार, कातळ, टाके, पाणवठा, देवराई, पार, वेस, चावडी. 'वेशीबाहेर', 'पाराच्या उन्हात', 'सोंडेवरचा विसावा' अशी नावे ट्रेक करणाऱ्याला जागा दाखवतात आणि भाषेलाही वापरात ठेवतात. किल्ल्यांवर मात्र जपून. बरेचसे गड संरक्षित स्मारके आहेत, तिथे डबा ठेवणे हा परवानगीचा गंभीर प्रश्न आहे, आणि नाव सुचले म्हणून जागा निवडायची नसते.

एक नाव पहिल्यापासून शेवटपर्यंत

आता हे सगळे एका डब्यावर करून दाखवतो. समजा पुण्याच्या वेताळ टेकडीवर, वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन, मळखाऊ रंगाची एक डबी झाडाच्या फांदीला जाड दोरीने टांगायची आहे. खिळा ठोकायचा नाही, दोरी फांदीला काचणार नाही अशी सैल.

पहिला प्रश्न, का? कारण भरवस्तीत एवढे मोकळे माळरान उरलेले नाही, जुन्या दगडखाणीत पाणी साठते, सकाळी मोर ओरडतात. दुसरा, शोधणारा काय करतो? वर बघतो, फांदी वाकवतो, डबी काढतो, आतल्या लॉगबुकवर सही करतो आणि ती पुन्हा तिथेच टांगतो. तिसरा, लोक काय म्हणतात? वेताळ टेकडीच, माथ्यावर वेताळाचे देऊळ आहे.

कच्ची यादी अशी निघाली: 'वेताळ टेकडी', 'टेकडीवरचा खजिना', 'मोरांची खाण', 'विक्रमा, बोलू नकोस', 'पुन्हा झाडावर'.

'वेताळ टेकडी' बाद, कारण टेकडी मोठी आहे. तिथे आणखी डबे येतील आणि नाव एकाने अडवून ठेवणे बरे नाही. 'टेकडीवरचा खजिना' कुठल्याही टेकडीला लावता येईल, म्हणजे ते या टेकडीचे नाही. 'मोरांची खाण' मला आवडते, पण लोक खाणीच्या कडेला जाऊन शोधू लागतील आणि तिथला उतार धोक्याचा आहे. नाव माणसांची पावले वळवते, म्हणून चुकीच्या जागी नेणारे नाव कितीही गोड असले तरी सोडायचे.

उरली दोन. विक्रम-वेताळाच्या गोष्टीत राजा बोलला की वेताळ सुटून झाडावर जाऊन लटकतो, हे मराठी पोराला सांगावे लागत नाही. 'विक्रमा, बोलू नकोस' हे नाव सकाळच्या फिरणाऱ्यांच्या गर्दीत गुपचूप शोधायला सांगते, तेवढे चांगले. पण 'पुन्हा झाडावर' त्याच्याही पुढे जाते. डबा सापडण्याआधी ती फक्त गोष्टीची आठवण असते. सापडल्यावर कळते की वेताळ म्हणजे ही लटकणारी डबीच. आणि सही झाल्यावर तेच नाव आज्ञा होते: आता हिला पुन्हा झाडावर टांग. डबा जसा होता तसा परत ठेवा, हे प्रत्येक मालक कळवळून लिहीत असतो. इथे ते नावानेच सांगितले. झाडाचा उल्लेख आल्याने थोडी सूचना मिळते हे खरे, पण टेकडीवर झाडे कमी नाहीत आणि अवघडता २ ठेवली की हिशोब जुळतो.

एक पथ्य. टेकडीवरचा वेताळ हा लोकांचा देव आहे, गोष्टीतला वेताळ वेगळा. त्यामुळे डबा देवळाच्या आवारापासून दूर ठेवायचा आणि वर्णनात देवस्थानाबद्दल आदरानेच लिहायचे.

पूर्ण नाव मग असे ठरले: 'पुन्हा झाडावर', पुढे आडवी रेघ आणि तेच रोमन अक्षरांत.

पायरी ६: लिपी, लांबी, अंक

नाव देवनागरीत लिहावे की रोमनमध्ये? माझे मत ठाम आहे: नाव छोटे असेल तर दोन्ही. देवनागरी आधी, रोमन नंतर. आपल्याकडच्या डब्यांवर बाहेरगावचे आणि परदेशी पाहुणे बरेच येतात. त्यांना नाव वाचता आणि टाइप करता आले पाहिजे. मोबाइलवर देवनागरी व्यवस्थित दिसते, पण जुन्या हँडहेल्ड जीपीएस यंत्रांवर तिच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे येऊ शकतात. शिवाय रोमनमध्ये शोधणाऱ्याला नुसते देवनागरी नाव सापडणार नाही. नाव लांब असून दोन्ही बसत नसेल तर शीर्षकात रोमन आणि वर्णनाच्या पहिल्याच ओळीत देवनागरी.

रोमन स्पेलिंग नकाशावर जसे रूढ आहे तसेच ठेवा. 'टेकडी'च्या शेवटी एक आय की दोन ई असला वाद स्वतःच्या आवडीने सोडवू नका, लोक ज्याने शोधतात ते घ्या.

मोबाइलच्या यादीत लांब नावे शेवटी कापली जातात. म्हणून ओळख पटवणारा शब्द सुरुवातीला हवा. 'पुण्यातील एका सुंदर आणि निवांत ठिकाणची बारव' या नावात बारव दिसेपर्यंत ओळ संपते. दोन ते चार शब्द पुरतात. उद्गारचिन्हांच्या माळा, तारे, हसरे चेहरे घालू नका. त्यांनी शोध बिघडतो आणि नाव ओरडल्यासारखे दिसते.

मालिका करत असाल तर पुढचा विचार आधीच करावा लागतो. पुण्यात आठवड्याच्या सातही वारांच्या पेठा आहेत, सोमवारपासून रविवारपर्यंत. 'पेठेचा आठवडा' अशी सात डब्यांची मालिका, प्रत्येकात एकेक अंक आणि त्या अंकांवरून शोधायचा आठवा बोनस डबा सदाशिव पेठेत, हे मला फार दिवसांपासून खुणावते आहे. अशा मालिकेत 'पेठेचा आठवडा' हे शब्द प्रत्येक नावाच्या सुरुवातीला घातले तर यादीत सातही ओळी सारख्याच दिसतील आणि वार कापला जाईल. त्याऐवजी 'बुध – पेठेचा आठवडा ३' असे उलटे करा. डबे दहाच्या वर जाणार असतील तर अंकांना आधी शून्य लावा, ०१, ०२, असे. नाहीतर क्रमवारीत १ नंतर थेट १० येतो आणि २ खाली जातो. आणि पेठांत दोन डब्यांच्या मधे किमान १६१ मीटर अंतर राखायचे आहे, तेव्हा नावे ठरवून मग जागा शोधत बसू नका. जागा मिळाल्या की मगच मालिका जाहीर करा.

पायरी ७: ही नावे सोडून द्या

धंद्याचे नाव. अमुक हॉटेल, तमुक दुकान नावात आले की जाहिरात समजून रिव्ह्यूअर, म्हणजे प्रसिद्धीआधी पान तपासणारा, ते परत पाठवील. 'मिसळीच्या वाटेवर' चालते, मिसळवाल्याचे नाव चालत नाही. प्रचाराचेही तसेच: राजकीय, धार्मिक, वर्गणी मागणारे काहीही नको.

'टाइम बॉम्ब', 'स्फोटक', 'चोरीचा माल' या धर्तीचे काहीही नको. नाव लॉगबुकवर लिहिलेले असते. उद्या तो डबा एखाद्या चौकीदाराच्या किंवा पोलिसाच्या हाती लागला तर पहिल्यांदा तेच वाचले जाईल. बेवारस वस्तूंबद्दल आपल्याकडे लोक सावध असतात आणि ते योग्यच आहे.

देवांची आणि थोर पुरुषांची नावे डबीला देऊ नका. ती डबी कुठल्या तरी कपारीत, मुंग्यांमध्ये, कधी चिखलात असते.

अपघाताच्या वळणाला, कुणी जीव दिलेल्या कड्याला भुताखेताचे नाव देण्याचा मोह काहींना होतो. तिथे ज्यांची माणसे गेली ती कुटुंबे आसपासच राहतात. या बाबतीत माझ्याकडे दुसरे मत नाही.

गाजणाऱ्या जाहिरातीतले वाक्य, सध्या सगळे म्हणतात ते संवाद, 'नवीन बांधकामाशेजारी', 'पावसाळी धबधबा': ही नावे काही महिन्यांत शिळी होतात. डबा वर्षानुवर्षे टिकावा म्हणून तुम्ही चांगली डबी विकत घेतलीत. नावही तेवढे टिकाऊ हवे.

पायरी ८: नाव तपासून घ्या

पान मसुदा म्हणून जतन करून ठेवता येते, म्हणून घाई नाही. नाव ठरले की आधी ते वेबसाइटच्या शोधात टाकून बघा. दोन डब्यांचे नाव सारखे असायला नियमाची आडकाठी नाही, कारण प्रत्येकाचा जीसी कोड, म्हणजे वेबसाइटने दिलेला ओळखक्रमांक, वेगळाच असतो. पण त्याच शहरात त्याच नावाचा डबा असेल तर गोंधळ नक्की.

मग ते फोनवर कुणाला तरी सांगा. 'काय?' असे दोनदा विचारले गेले तर नाव तोंडात बसत नाही. मग ज्याने जागा पाहिलेली नाही अशा एका मित्राला नाव सांगून विचारा की तुला तिथे काय असेल असे वाटते. त्याचे उत्तर ऐकल्यावर त्याला खरे काय ते सांगा. त्याचा चेहरा उजळला तर नाव पास. तो नुसता 'बरं' म्हणाला तर दुसरा अर्थ पोहोचलेला नाही. आणि त्याने सरळ लपवण्याची जागाच सांगून टाकली तर नाव फार बोलते आहे.

शेवटी नाव, हिंट आणि वर्णनाची पहिली ओळ एकाखाली एक लिहून वाचा. तिन्ही तेच सांगत असतील तर एक वाया गेले. 'पुन्हा झाडावर'च्या हिंटमध्ये 'झाडावर' लिहिण्याला अर्थ नाही. तिथे 'डोक्याहून थोडे वर, देवळाकडे पाठ करून' असे उपयोगाचे काहीतरी हवे.

प्रकाशनानंतर

रिव्ह्यूअरने पान प्रसिद्ध केल्यावरही मालकाला नाव बदलता येते. शुद्धलेखनाची चूक असेल तर पहिल्याच दिवशी दुरुस्त करा. पूर्ण नाव बदलणे मात्र शक्यतो टाळा, कारण आधी येऊन गेलेल्यांनी लॉगमध्ये, फोटोखाली, मित्रांना सांगताना जुने नाव वापरलेले असते आणि नावावर केलेल्या कोट्याही मग अर्थहीन होतात. नावामुळे लोक चुकीच्या, धोक्याच्या किंवा खासगी जागेत शिरत आहेत असे लॉगवरून दिसले तर तो अपवाद. तेव्हा क्षणभरही थांबू नका.

लॉगबुकच्या पहिल्या पानावर नाव आणि जीसी कोड दोन्ही ठळक लिहा, देवनागरीत आणि रोमनमध्ये, आणि डब्यावर बाहेरून हा जिओकॅशिंग खेळातला डबा आहे असे स्पष्ट लिहा. मल्टी असेल तर प्रत्येक टप्प्यावरही नाव हवे, म्हणजे सापडलेला टप्पा कुठल्या डब्याचा आहे हे कळते.

डबा हरवला आणि त्याच जागी नवा ठेवलात तर पान तेच राहते, नाव तेच राहते, नुसती देखभालीची नोंद करायची. पान कायमचे बंद करून त्या परिसरात पूर्ण नवा डबा आणत असाल तर जुन्या नावापुढे २ लिहून भागवू नका. पुन्हा पायरी १ चा कागद घ्या आणि तेच तीन प्रश्न नव्याने विचारा.